भाकरीचं पीठ मोजलंत का?

या वेळी टपालाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून एकवीस प्रश्न आले. त्यातल्या सोळा प्रश्नांची सुरुवात 'मॅडम, अमुक चालतं का?' अशी आहे. जिल्हा रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली, तिथेही हेच. भात चालतो का, केळं चालतं का, शेंगदाणे चालतात का. 'किती' आणि 'कशाबरोबर' हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तर त्यातच असते. त्यामुळे खालच्या उत्तरांत वाट्या, चमचे आणि वजनकाटा जरा जास्तच दिसेल. सवय आहे माझी, चालवून घ्या.

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ५८ किलो. अंगाने काडी, फक्त पोट जरासं पुढे. कंपनीच्या तपासणीत तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ६.१ आली. घाबरून आम्ही गहू बंद केला, आता दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. चार महिन्यांनी परत तपासलं तर ६.२! सासूबाई म्हणतात, आमच्या काळी माणसं दहा-दहा भाकरी खायची, कुणाला साखर नव्हती. मग आमचं चुकतंय कुठे? (एक वाचक, औसा)

ताई, आधी मला एक सांगा. भाकरी थापताना पीठ मोजलंत का?

नसेल मोजलं तर उद्या काथवटीत पीठ घ्यायच्या आधी ते एका डब्यात भरा आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून वजन करून आणा. तो हसेल, हसू द्या. मी माझ्या घरात हा उद्योग केला होता. माझी भाकरी ७५ ग्रॅमची निघाली. आईच्या हातची, ताटाच्या काठाला टेकणारी सोलापुरी भाकरी ११० ग्रॅमची. फुलका २५ ग्रॅमचा. म्हणजे माझ्या एका भाकरीत तीन फुलके मावतात! तुमचे मिस्टर आधी एका वेळी चार मध्यम पोळ्या खात असतील तर पीठ झालं १४० ग्रॅमच्या आसपास. आता 'पथ्याचं आहे, ज्वारीच आहे' म्हणून अडीच भाकऱ्या जात असतील तर ते गेलं १९० च्या घरात. गहू गेला, ज्वारी आली आणि पीठ वाढलं. शंभर ग्रॅम पिठात सत्तरच्या आगेमागे कर्बोदकं गव्हातही असतात आणि ज्वारीतही. पोटात गेल्यावर दोन्हींची साखरच होते.

ज्वारीला मी नावं ठेवत नाही, ठेवूच शकत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेली बाई आहे मी. ज्वारीत चोथा चांगला असतो, भाकरी चावून खावी लागते, तेल लागत नाही. पण ती औषध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशभरच्या पाहणीतले आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. आपल्याकडे माणूस दिवसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो, म्हणजे भात, पोळी, भाकरी आणि साखर. पांढरा भात किंवा मैदा काढून तेवढ्याच प्रमाणात गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ घातल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला त्यात दिसला नाही. धान्याचा थोडा वाटा कमी करून तिथे डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आली, की धोका कमी दिसला.

आता काडीसारख्या अंगाबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा (बीएमआय) दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्यात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी, तीही पोटाभोवती. सरांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यात ही गोष्ट जन्मापासूनच दिसली : बाळं वजनाला हलकी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. तेव्हा 'वजन ५८ आहे, मग साखर कशी?' याचं उत्तर काट्यावर सापडणार नाही. शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) मिळायचा आणि दुष्काळी कामावरच्या मजुरांना सुकडी. माझे वडील त्या वर्षी खडी फोडायला जायचे, सहा मैल चालत जाऊन संध्याकाळी सहा मैल परत. तसल्या माणसाने भाकऱ्या मोजायच्या नसतात. तुमचे मिस्टर कंपनीच्या बसने जातात, खुर्चीत बसतात आणि बसनेच परत येतात. शिवाय तेव्हा साखर तपासत होतं कोण? 'अंग खंगलं आणि गेले' अशी किती माणसं आपल्या नात्यात होती, ते सासूबाईंना एकदा विचारून बघा.

मग काय करायचं? भाकरी राहू द्या. ७५ ग्रॅमची एक, फार तर दीड. तिच्याबरोबर दोन वाट्या भाजी, त्यात एका वेळी तरी पालेभाजी : मेथी, चाकवत, अंबाडी, घोळ, जी मिळेल ती. आणि एक वाटी घट्ट उसळ. घट्ट म्हणते, कारण आपल्या पातळ आमटीवर मराठी माणसाचा फार भरवसा. ती आमटी वाटीभर घेतली तर त्यात डाळ जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅम. ५८ किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम लागतात. मूठभर मटकी (३० ग्रॅम) मोड आणून उसळ केली तर सात ग्रॅम मिळतात. हुलगे, चवळी, हरभरा, सगळं आलटून पालटून करा. वाटीभर दही घ्या. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. आणि ताट वाढल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, भाकरीला हात नंतर लावायचा. नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. रात्री जेवून लगेच टीव्हीसमोर नको. शतपावली हा शब्द आपल्याकडे आहे, पण शंभर पावलांनी भागत नाही. पंधरा मिनिटं घाला.

याने काही होतं का, असं तुम्ही विचाराल. चेन्नईत ५३१ जणांवर एक अभ्यास झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळे तुमच्या मिस्टरांसारखे, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचं खाणं आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणजे आहार हा काही मंत्र नाही, त्यातल्याही ३९ जणांना झालाच. पण शंभरातले सोळा जण वाचले. तुमचे मिस्टर त्या सोळांत यावेत म्हणून एवढं लिहिलं. मात्र वजन आपोआप घटत असेल, तहान-तहान होत असेल, रात्री सारखं लघवीला उठावं लागत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझी लेक १९ वर्षांची, होस्टेलला असते. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. तेव्हापासून रोज बीट, खजूर आणि डाळिंबाचा रस चालू आहे. महिन्याला दीड हजार रुपये जातात. दोन महिन्यांत ९.४ झालं, बस. अजून काय लाल खायला घालू? (एक वडील, चाळीसगाव)

दादा, लाल रंगाने रक्त वाढत असतं तर टोमॅटोच्या शेतात कुणाला ॲनिमिया झाला नसता. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. तरुण मुलीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. हिशेब तुम्हीच करा. साडेतीन किलो बीट खाऊन पोरगी वर्गात बसणार कशी? खजूर आणि डाळिंब चवीला खा, त्यात वाईट काही नाही. पण तुमचे दीड हजार रुपये चुकीच्या गल्लीत चालले आहेत.

९.२ हे खाण्याने भरून काढायचं राहिलेलं नाही, त्याला लोहाची गोळी लागते. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही ते सांगतील तितके महिने चालू ठेवा, कारण अंगातला साठा नंतर भरतो. शौचाला काळं होतं, घाबरू नका. मळमळलं तर रात्री झोपताना घ्यायला सांगा. बऱ्याच मुली आठव्या दिवशी गोळ्या कपाटात टाकून देतात आणि घरी सांगतात, 'घेते आहे'. तेवढं आईला विचारायला लावा. आणि आईलाच आणखी एक विचारायला लावा : पाळीत रक्तस्राव फार होतो का? सात दिवसांच्या वर जातो का? तसं असेल तर आधी ते बघायला हवं. भोक असलेल्या रांजणात कितीही पाणी ओता.

खाण्यातली मोठी चूक बहुतेक चहाची असणार. होस्टेलच्या नाश्त्याला पोहे आणि त्यांच्यासोबत चहा, बरोबर? जेवणाबरोबर घेतलेला कपभर चहा धान्य-भाजीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून कमी करतो. लिंबाने, आवळ्याने, पेरूने ते वाढतं. पोह्यांवर लिंबू पिळणारी आपली बाई शहाणी, आणि त्याच पोह्यांबरोबर कपभर चहा पुढे करणारीही तीच! चहा सोडायला सांगत नाही, सांगून कोण ऐकतंय. फक्त जेवण-नाश्ता आणि चहा यांच्यात एक तासाचं अंतर ठेवायचं. लोहाची गोळीही चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही.

दीड हजारांतून एक लोखंडी कढई घ्या. घरी आली की पालेभाजी त्यात करा आणि टोमॅटो, चिंच, आमसूल असं काही आंबट घाला, म्हणजे कढईतलं लोह भाजीत उतरतं. भाजी शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि घरात बोलणी बसतात. होस्टेलवर पाठवायला अळिवाचे लाडू, भाजलेले फुटाणे आणि आवळ्याची सुपारी. घरात मटण होत असेल तर कलेजी आठवड्यातून एकदा, तिच्यातलं लोह सगळ्यात लवकर अंगी लागतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलं. म्हणजे लेकीबरोबर तिच्या आईचंही एकदा तपासून घ्या. मला खात्री आहे, तिचं शेवटचं हिमोग्लोबिन बाळंतपणात बघितलं असणार.

प्रश्न : वय ६८, गेली अकरा वर्षं बीपीची गोळी. मुलाने गुलाबी हिमालयीन मीठ आणून दिलंय. म्हणतो, हे नैसर्गिक आहे, कितीही खाल्लं तरी बीपी वाढत नाही. खरं का? (एक निवृत्त शिक्षक, चिपळूण)

गुरुजी, मुलाचं तुमच्यावर प्रेम आहे, पण मीठ ते मीठच. गुलाबी, काळं, सैंधव, शेंदेलोण, सगळ्यांत मुख्य माल सोडियम क्लोराइडच. रंग येतो तो किंचितशा लोहामुळे वगैरे. 'कितीही खाल्लं तरी' हे त्या वाक्यातलं खरं विष आहे.

शिवाय एक तोटा आहे, आणि तो तुमच्यासारख्या शिक्षकाला पटेल. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला. गळ्याला गलगंड आलेली माणसं तिथे गावोगाव होती. ज्या भागात आयोडीनचं मीठ दिलं तिथे काही वर्षांत गलगंड कमी होत गेला. त्यावरून १९६२ मध्ये देशभराचा कार्यक्रम उभा राहिला. आज गलगंडवाला माणूस सहसा दिसत नाही, तो अशा दोन-चार रुपयांच्या गोष्टीमुळे. आणि त्या हिमालयाच्याच नावाने आपण बिनआयोडीनचं मीठ महाग घेऊन घरात आणतोय, याला काय म्हणावं? तुमचं सोडा, घरात सून गरोदर असेल, नातवंडं असतील, तर साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. डबा घट्ट झाकणाचा हवा.

प्रमाण किती? माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. घरात चार माणसं असतील तर एक किलोची पुडी पन्नास दिवस पुरली पाहिजे. पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख लिहा. मी रुग्णांना हेच करायला लावायची, आणि बहुतेकांची पुडी महिन्याच्या आत संपायची. आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, सॉस, पाव धरलेलेच नाहीत. तुमच्या कोकणात खारा बांगडा आहे. तो रात्रभर भिजवून पाणी टाकून दिलं तरी खारटच लागतो, तेव्हा त्याला महिन्यातून एकदा भेटावं. ताजा बांगडा मात्र आठवड्यातून दोनदा खुशाल खा. स्वस्त आहे, आणि हृदयाला लागणारं तेल त्याच्यात आहे. मिठाची उणीव कोकमाने आणि लिंबाने बरीच झाकली जाते, ते तर तुमच्या परसातच असेल.

आणि एक, ठळक करून सांगते. दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम त्याने धोकादायक वाढू शकतं. तुमची गोळी कोणती ते मला माहीत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. मुलाने पुढच्या वेळी तेच आणलं असतं, म्हणून सांगितलं.

प्रश्न : सासूबाई दोन एकादश्या, चतुर्थी आणि दर सोमवार धरतात. डायबेटिस आहे. उपास सोडा म्हटलं की रडतात. (एक सून, नाशिक)

उपास सोडायला सांगू नका, साबुदाणा सोडायला सांगा. साबुदाणा म्हणजे तामिळनाडूतल्या टॅपिओका कंदाचा सत्त्वच सत्त्व. पिष्ट सोडलं तर त्यात जवळजवळ काही नाही. त्यात बटाटा घालायचा, वर साखर, सोबत केळं, आणि संध्याकाळी रताळ्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे म्हणणारे आपलेच पूर्वज.

राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, भोपळ्याची भाजी. तुमच्याकडे उपासाला काय चालतं ते घरागणिक वेगळं, त्यातून निवडा. भगर चालेल, पण मोजून वाटीभर, आणि दाण्याच्या आमटीबरोबर. भगरीचं सुटं पीठ आणू नका आणि भगर दमट डब्यात साठवू नका. नवरात्रात आणि शिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या बुरशी लागलेल्या भगरीच्या. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर निर्जळी अजिबात नको. उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. कागदावर लिहिलेलं सासूबाई ऐकतात, सुनेचं ऐकत नाहीत. माझाही तोच अनुभव, आणि मी तर आहारतज्ज्ञ होते.

प्रश्न : मी माळकरी. अंडंही वर्ज्य. आठ वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू. वर्षभर तळपायाला मुंग्या येतात, चालताना कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. साखर तर ताब्यात आहे. काय खावं? (एक वाचक, पंढरपूर तालुका)

माउली, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे माझंच वर्णन आहे.

२०१४ च्या सुमारास मला पायाला मुंग्या यायला लागल्या. मीही शाकाहारी, मलाही मेटफॉर्मिन. मी म्हटलं, दिवसभर वॉर्डात उभी असते, त्याने होत असेल. गरम पाण्यात पाय बुडवले, तेल चोळलं, चपला बदलल्या. दीड वर्ष गेलं. मी दुसऱ्यांना काय खावं ते सांगत फिरत होते आणि माझ्या अंगात काय कमी आहे ते माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी एका इंटर्न पोरीने, वय तेवीस, सहज विचारलं, 'मॅडम, तुमचं बी-१२ कधी केलंय?' केलं, तर ११८ आलं. दोनशेच्या वर पाहिजे. इंजेक्शनं घेतली, मुंग्या कमी झाल्या. उजव्या पायाच्या दोन बोटांचा बधिरपणा मात्र आजही आहे. तो आता जाणार नाही.

म्हणून तुम्ही काय खावं हे नंतर, आधी बी-१२ तपासा. याच आठवड्यात. हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळतं. शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक एवढाच आधार. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर आहे तेही नीट शोषलं जात नाही. म्हणजे तुम्ही दोन्हीकडून सापडलात. पुण्यात ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी झाली होती, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. तुम्ही एकटे नाही.

दुधाने भरून निघेल का? दिवसाला साधारण दोन मायक्रोग्रॅम लागतं, वाटीभर दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं. चार वाट्या दूध-दही रोज जमत असेल तर रोजची गरज भागते, पण आठ वर्षांचा खड्डा बुजत नाही. मुंग्या आहेत म्हणजे नसांना झळ पोचली आहे, तिथे गोळी किंवा इंजेक्शनच लागेल, ते डॉक्टर ठरवतील. 'स्पिरुलिना खा, शेवाळ खा' असं कुणी सांगेल. त्यातलं बी-१२ आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. नुसती फॉलिक ॲसिडची गोळीही स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्ताचा रिपोर्ट त्याने सुधारतो आणि नसांचं नुकसान झाकलेलं राहून वाढत जातं.

आणि तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल : औषधातलं बी-१२ जीवाणूंपासून करतात, मांसापासून नाही. फक्त कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं असू शकतं, तेव्हा दुकानात कॅप्सूलऐवजी गोळी मागा. माळेला बाधा येणार नाही. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका. तुमची साखर ताब्यात आहे ती तिच्यामुळेच. रोज रात्री तळपाय आरशात बघा, बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही. वारीला जाणार असाल तर अनवाणी चालू नका. विठोबा समजून घेतो.

थोडक्यात

*साखरेऐवजी गूळ?* (कराड) गूळ म्हणजे बहुतांश साखरच, सोबत थोडं लोह आणि खनिजं. चव वेगळी म्हणून खा, पथ्य म्हणून नको. दिवसाला चार कप चहा आणि कपात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली. दिवसाची मर्यादा २५ ग्रॅमची. साखरेऐवजी गूळ घालून हा हिशेब बदलत नाही.

*कोणतं तेल चांगलं?* (परभणी) तुम्ही वापरता त्याहून कमी असलेलं. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, तळण आणि तूप धरून. शेंगदाणा, करडई, मोहरी आलटून पालटून घ्या. दिवाळीतलं चकलीचं तेल तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवू नका.

*दाण्यांना किंचित कडू वास येतोय, भाजले की जातो. चालेल?* (हिंगोली) नाही. बुरशीचं विष भाजून जात नाही, आणि ते यकृताचं वैरी आहे. फेकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका.

*संध्याकाळच्या चहाबरोबर खारी-टोस्ट डायबेटिसवाल्याला चालतो का?* (बार्शी) हा प्रश्न माझ्याच गावातून आलाय आणि अक्षर ओळखीचं वाटतंय. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप, टोस्ट म्हणजे मैदा आणि साखर. आमच्या घरी आता चहाबरोबर मूठभर फुटाणे असतात. खारी रविवारी, एक. आमचे हे ती मधोमध मोडतात, आणि मग दोन खाल्ल्याच्या समाधानात आठवडा काढतात.